कपाटातल्या फाइलपासून क्रेडिटपर्यंत : छोट्या प्रमाणपत्रांची पार्श्वभूमी

कपाटाच्या वरच्या खणात एक प्लास्टिकची फाइल असते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, राष्ट्रभाषेच्या परीक्षा, स्काउट, एमएस-सीआयटी अशी सगळी प्रमाणपत्रे तिच्यात एकावर एक रचलेली. दहावीचा निकाल लागला की आई ती फाइल काढते, झेरॉक्स काढून आणते आणि प्रवेश अर्जाला काय काय जोडता येईल ते बघते. 'मायक्रो-क्रेडेन्शियल' हा शब्द शाळांच्या कानावर आत्ता आत्ता पडू लागला असला, तरी ती कल्पना या फाइलमध्ये केव्हापासूनच आहे.

शब्दाचा अर्थ मात्र नेमका धरायला हवा. एखादे मर्यादित कौशल्य ठरलेल्या कसोटीवर तपासून त्याची जी स्वतंत्र नोंद होते, ती मायक्रो-क्रेडेन्शियल. 'स्पर्धेत भाग घेतल्याबद्दल' मिळणारा कागद त्यात बसत नाही. मुलाला काय येते आणि ते कोणी तपासले, हे दोन्ही त्यावरून कळले पाहिजे.

या कसोटीवर आपली शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, चांगली उतरते. कला संचालनालय ती घेते. मूल ड्रॉइंग बोर्ड, रंगाच्या बाटल्या, पाण्याचा डबा घेऊन केंद्रावर जाते. समोर मांडलेली किटली आणि फळे बघून चित्र काढते, दुसऱ्या पेपरला आठवणीतला बाजार रंगवते, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन करते. त्याला न ओळखणारे परीक्षक ते कागद तपासतात. इतर विषयांत ते कसे आहे याच्याशी या श्रेणीचा संबंध नाही. पुढे इंटरमिजिएटची श्रेणी दहावीच्या गुणांना जोडली गेली : अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3 वाढीव गुण. त्यामुळे चित्रकलेला घराघरांत किंमत आली, हे चांगलेच झाले. पण प्रमाणपत्र मुलाच्या हाताबद्दल काय सांगते हे मागे पडले आणि 'किती गुण वाढतील' हा प्रश्न पुढे आला. मला ही या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

हाताच्या कामाला शिक्षणात जागा देण्याची धडपड आणखी जुनी. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम पुढे आली, हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी ठेवायचा म्हणून. 1964-66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. बहुतेक शाळांत त्याचे रूपांतर खडू, मेणबत्त्या आणि कागदी फुलांच्या तासात झाले. प्रगतिपुस्तकात त्याची श्रेणी यायची, ती कोणी वाचत नसे.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हा चित्र वेगळे झाले. तिथल्या 'मूलभूत तंत्रज्ञान' या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस कामात घालवतात : वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, रक्तगट तपासणी, जनावरांची निगा. गावाला उपयोगी पडेल असे काम करून शिकायचे, हे कलबागांचे सूत्र. माध्यमिक मंडळाने हा अभ्यासक्रम दहावीचा विषय म्हणून मान्य केला. पण गुणपत्रिकेत शेवटी त्या विषयापुढे एक आकडा उमटतो. मुलीला वायरिंग छान येते की माती परीक्षण, हे त्या आकड्यावरून कसे कळणार?

स्काउटने तो तपशील फार आधी जपला होता. 1908 पासून पसरत गेलेल्या या चळवळीत प्रत्येक कौशल्याचे वेगळे कापडी पदक असते. प्रथमोपचाराचे पदक हवे, तर त्रिकोणी पट्टीने हात गळ्यात अडकवून दाखवावा लागतो. प्रथम सोपानापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत चढत जाण्याची वाटही आखलेली.

2011 मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणारी मोझिला आणि मॅकआर्थर फाउंडेशन ही अमेरिकी देणगीदार संस्था यांनी हेच पदक इंटरनेटवर आणले. 'ओपन बॅज' नावाच्या या डिजिटल चित्रातच देणारी संस्था, निकष आणि पुरावा यांची माहिती साठवलेली असते. 2013 च्या उन्हाळ्यात शिकागो शहराने संग्रहालये, ग्रंथालये यांच्यामार्फत मुलांना असे बॅज दिले. न्यूझीलंडच्या माध्यमिक शाळांत तर 2002 पासूनच विषयाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला क्रेडिट, म्हणजे शिकलेल्या भागाची मोजता येणारी नोंद, देण्याची पद्धत सुरू झाली होती. 2018 मध्ये तिथे मायक्रो-क्रेडेन्शियलला अधिकृत मान्यताही मिळाली. युरोपीय संघाने मायक्रो-क्रेडेन्शियलबद्दलची आपली शिफारस जून 2022 मध्ये स्वीकारली.

आपल्याकडे 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्याचा हिशेब असा : 30 तासांच्या शिकण्याला एक क्रेडिट, वर्षाचे 1200 तास, म्हणून 40 क्रेडिट. शालेय विषयांबरोबर खेळ, कला, व्यावसायिक शिक्षण यांचेही क्रेडिट धरायचे आणि ते विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात जमा करायचे. नुसते तास भरून क्रेडिट मिळत नाही, मूल्यमापन व्हावे लागते, ही अट मला मोलाची वाटते.

रेखाकलेचे कागद बाहेरचा परीक्षक तपासतो. पाबळच्या मुलीने जोडलेला दिवा लागतो की नाही, हे अख्ख्या गावाला दिसते. क्रेडिटच्या खात्यात जमा होणारे काम मात्र पुष्कळदा तिच्याच शाळेने शिकवलेले आणि तिच्याच शाळेने तपासलेले असेल. ते दुसऱ्या गावातल्या कॉलेजने कशाच्या भरवशावर मानायचे, हे अजून ठरायचे आहे.