सेन्सर खरंच बोलत होता

गाडीचा ऑक्सिजन सेन्सर बदलून अकरा दिवस झाले होते, खंबाटकीचा घाट उतरून गाडी जरा सपाटीला लागली आणि चेक इंजिनचा पिवळा लाइट परत पेटला. घरी येऊन स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये गाडीचे कोड वाचणारं डोंगल लावून मोबाईलवर बघितलं तर कोडही तोच, पी०१७१. म्हणजे मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पहिल्यांदा हा लाइट पेटला तेव्हा एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून दोन मिनिटांत निकाल दिला होता की ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल. साडेपाच हजार गेले. मी पण मान डोलावली, कारण खरं सांगायचं तर तोपर्यंत मला हा सेन्सर नक्की करतो काय तेच माहीत नव्हतं.

आता हा कोड नीट वाचला तर त्यात कुठेही सेन्सर खराब आहे असं लिहिलेलं नाही. सेन्सरने सांगितलं की धुरात ऑक्सिजन जास्त आहे, कॉम्प्युटरने म्हणजे ईसीयूने त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवलं, वाढवत वाढवत मर्यादेपर्यंत गेला आणि मग हात टेकून लाइट पेटवला, एवढीच ती हकीकत. निरोप आणणाऱ्यालाच आम्ही घराबाहेर काढलं होतं.

हा सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनच्या जवळ, स्पार्क प्लगसारखा आट्यांवर बसवलेला एक तुकडा असतो. त्याच्या टोकाला झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची एक पोकळ बोंडी असते, तिला आतून बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. बोंडीच्या बाहेर इंजिनचा धूर, आत साधी बाहेरची हवा. झिर्कोनियात थोडं यट्रियम ऑक्साइड मिसळलं की तापल्यावर त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकायला लागतात, आणि आतल्या हवेत ऑक्सिजन भरपूर, बाहेरच्या धुरात कमी, म्हणून दोन बाजूंमध्ये व्होल्टेज तयार होतं. म्हणजे ही एक छोटी बॅटरीच आहे. ह्याचं गणित जर्मनीच्या वाल्थर नर्न्स्टने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडलं, आणि गंमत म्हणजे त्याने हेच सिरॅमिक वापरून विजेचा दिवा बनवला होता, ज्याची अडचण ही की गार असताना तो पेटायचाच नाही, आधी तापवावा लागायचा. आपल्या सेन्सरचंही तेच. साधारण ३०० अंशांच्या खाली तो मुका असतो, म्हणून त्याच्या पोटात हीटर दिलेला असतो. तो तापेपर्यंत ईसीयू त्याचं ऐकतच नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडत राहतो.

आता व्होल्टेज किती? हिशोब केला तर साधारण ७०० अंशांना दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये दहापट फरक पडला की ०.०५ व्होल्ट मिळतात. धुरात एक टक्का ऑक्सिजन शिल्लक असेल तर बाहेरच्या हवेशी फरक वीस-एकवीस पटींचा, म्हणजे जेमतेम ०.०७ व्होल्ट. पण पेट्रोल थोडं जरी जास्त झालं की प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर उरलासुरला ऑक्सिजन जळून जातो आणि तिथलं त्याचं प्रमाण एकदम कोट्यवधी कोटी पटींनी खाली येतं, मग व्होल्टेज टुणकन ०.८ ते ०.९ वर. मधे काही नाही, जिना नाहीच, थेट कड्यावरून उडी. ही उडी बरोबर त्या ठिकाणी पडते जिथे १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा मिळते, आणि तीच जागा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातल्या धूर साफ करणाऱ्या डब्याला, हवी असते, कारण कार्बन मोनॉक्साइड जाळायचं आणि नायट्रोजन ऑक्साइड फोडायचं ही दोन उलटी कामं एकाच वेळी तिथेच नीट होतात. म्हणून ईसीयू ०.४५ व्होल्टची रेघ धरून सारखा थोडं जास्त, थोडं कमी असं करत राहतो, आणि चांगला सेन्सर सेकंदातून एक-दोनदा तरी वर-खाली होताना दिसतो. बॉशने बनवलेला हा सेन्सर १९७६ ला व्होल्वोच्या अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांत पहिल्यांदा बसला. आपल्याकडे १९९५ ला चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याच्यासोबत शिशाशिवायचं पेट्रोल आलं, कारण शिसं ह्या प्लॅटिनमला विष आहे, कन्व्हर्टरमधल्याही आणि सेन्सरमधल्याही.

तर माझ्याकडे परत. नवा सेन्सर, जुनाच कोड. मी अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिमचे आकडे बघायला लागलो, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय ते. दोन्ही बाजूला आठ-दहा टक्के चालतं. (आणि हो, ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीत सात-आठ टक्के प्लस दिसलं तर घाबरू नका, इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. तो बिघाड नाही.) माझे आकडे मात्र आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, प्लस २२ आणि तीच गाडी २५०० आरपीएमला धरली की प्लस ९. हा फरकच खरी गोष्ट सांगत होता, पण मला तेव्हा कळलं नाही. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर उलटं झालं असतं, गाडी जितकी ओढेल तितकं पेट्रोल कमी पडलं असतं.

मग स्पार्क प्लग काढले. काळे कुळकुळीत, काजळी धरलेले! म्हणजे कॉम्प्युटर म्हणतो पेट्रोल कमी आणि प्लग म्हणतात पेट्रोल जास्त, आणि अ‍ॅव्हरेजही १७ वरून १३ वर आलेलं. दोघंही खोटं बोलत नव्हते.

उलगडा केला शेजारच्या काकांनी. ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आयुष्य डिझेलमध्ये गेलं, डोंगल वगैरे त्यांना पोरखेळ वाटतो. सकाळी गार गाडी चालू केली तेव्हा ते गॅलरीत चहा पीत उभे होते, वरूनच ओरडले, "अरे, पॅकिंग फुंकतंय तुझं, ऐकू येत नाही का?" पॅकिंग म्हणजे इंजिन आणि धुराचा पाइप यांच्या जोडात बसवलेली पट्टी. खाली येऊन त्यांनी बोनेटवर कान टाकला. बारीक टक् टक् टक् असा आवाज, मला तो व्हॉल्व्हच्या टॅपेटचा वाटत होता, आणि पाचेक मिनिटांत इंजिन तापलं की बंद व्हायचा म्हणून मी लक्षही दिलं नव्हतं. लोखंड तापून फुगतं, फट मिटते, आवाज जातो, पण पूर्ण मिटत नाही.

आता धूर बाहेर जायच्या ठिकाणी फट असेल तर धूर बाहेर यायला हवा, हवा आत कशी जाईल, हा प्रश्न मी त्यांना विचारलाच. त्यांचं उत्तर असं की धूर काही नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो, आणि प्रत्येक ठोक्यामागे क्षणभर पाइपात दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, तेवढ्यात फट बाहेरची हवा ओढून घेते. आयडलिंगला ठोके विरळ, म्हणून हवा जास्त शिरते, आरपीएम वाढले की धुराचा रेटाच इतका की ती शिरायला जागा राहत नाही. बावीस आणि नऊ, आलं लक्षात? ती चोरटी हवा सेन्सरच्या नाकासमोरून जाते, तो इमानदारीने सांगतो ऑक्सिजन जास्त आहे, ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो, आणि इंजिनच्या आत खरं मिश्रण श्रीमंत होऊन, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होऊन, प्लग काळे पडतात. गाडी मिसिंग करत असेल तरी असंच होतं, न जळलेल्या सिलिंडरचा सगळा ऑक्सिजन धुरात येतो आणि सेन्सर लीन लीन ओरडतो, दोष ठिणगी देणाऱ्या कॉइलचा असतो.

फट शोधायला काकांनी गार इंजिनवर मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपाच्या, जोडाला साबणाचं पाणी मारलं, मला मागे सायलेन्सरच्या तोंडावर ओली जाड चिंधी दोन-तीन सेकंद धरायला लावली आणि गाडी चालू केली. बुडबुडे लगेच आले. पॅकिंगला चारशे रुपये लागले, मजुरी वेगळी, आणि आठवड्याभरात ट्रिम प्लस ५ वर आला.

सेन्सर खरोखर जात नाहीत असं नाही हं. सगळ्यात साधा बिघाड हीटरचा, पी०१३५ असा कोड येतो, आणि तो मल्टीमीटरने दोन मिनिटांत कळतो: कपलर म्हणजे वायरींचा जोड काढून हीटरच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजायचे, थोडे ओहम आले तर ठीक, मीटरने आकडाच दाखवला नाही तर तार तुटली. ऑइल पिणाऱ्या इंजिनात, कूलंट गळणाऱ्या इंजिनात, किंवा कुणी पॅकिंगच्या जागी भलतंच सिलिकॉन फासलं असेल तर टोकावर थर बसून सेन्सर आळशी होतो, वर-खाली होतो पण हळूहळू. हे बघायला तो चिथवावा लागतो. गाडी गरम करून हवेच्या पाइपात कार्ब क्लीनरचा एक छोटा फवारा मारला की व्होल्टेज लगेच ०.८ च्या वर गेलं पाहिजे, आणि चढावर गाडी ओढून मग पाय काढला, पेट्रोल तुटलं, की झटक्यात शून्याजवळ आलं पाहिजे. दोन्हीकडे पळतोय तर सेन्सर जिवंत. मात्र कन्व्हर्टरच्या पुढचा आणि मागचा यात गल्लत करू नका, मागचा चांगल्या गाडीत शांतच असतो, तो नाचायला लागला तर दुखणं बहुतेक कन्व्हर्टरचं. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड नावाचा वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, त्याला हे व्होल्टचे आकडे लागूच नाहीत.

अजून एक, त्याची वायर तुटली तर सोल्डर करू नये आणि कपलरमध्ये ग्रीस भरू नये, कारण बऱ्याच सेन्सरांत आतली ती तुलनेची हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच आत जाते. तो वायरीतून श्वास घेतो! मला हे कळलं तेव्हा दोन मिनिटं खरं वाटेना.

जुना सेन्सर मी गॅरेजमधून मागून आणला होता, पिशवीत पडून होता. रविवारी काकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो पकडीत धरला, काळ्या आणि करड्या वायरीला मल्टीमीटर लावला आणि टोकावर ब्लो टॉर्चची ज्योत सोडली. थोडा वेळ काहीच नाही, मग टोक लालसर झालं आणि आकडा पळायला लागला, ०.३, ०.६, ०.८४. ज्योतीच्या पोटात ऑक्सिजन नसतो ना. टॉर्च बाजूला केला, सेकंदाच्या आत ०.०९. परत ज्योत, परत ०.८४. पाच-सहा वेळा केलं, एकदाही चुकला नाही. काका म्हणाले, "डिकीत टाकून ठेव, कधी लागला तर."

टाकलाय.