काळा रंग किती काळा?

एकच फोटो, तीच शाई, तेच मशीन. चकचकीत आर्ट पेपरवर छापला तर काळ्या मांजराच्या पाठीवरचा केस न् केस दिसतो. साध्या कागदावर तेच मांजर राखेत लोळून आल्यासारखं वाटतं.

10 पट मोठं दाखवणारं भिंग घेऊन दोन्ही छपाया पाहा. छापील फोटो ज्या बारीक ठिपक्यांनी बनतो, त्यांच्या कडा साध्या कागदावर फुटलेल्या दिसतील. शाई तंतूंमध्ये झिरपते, ठिपका ठरल्यापेक्षा मोठा होतो आणि फोटो काळपट, मऊ पडतो. छापखान्यात याला ‘डॉट गेन’ म्हणतात. कोटेड कागदावर केओलिन माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक कणांचा लेप असतो. त्यामुळे शाई वरच राहते आणि ठिपका नीटस उमटतो.

पण लेप तर चमक नसलेल्या मॅट कागदालाही असतो, मग चकचकीत म्हणजे ग्लॉसी कागदात फरक कुठे पडतो? ग्लॉसी कागद रुळांखाली दाबून जास्त गुळगुळीत केलेला असतो. (म्हणूनच 170 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 170 ग्रॅम वजनाचा, मॅट कागद त्याच वजनाच्या ग्लॉसीपेक्षा हाताला जाड लागतो.) कागदावर पडणाऱ्या प्रकाशातला साधारण 4 टक्के भाग शाईत न शिरताच वरच्यावर परततो. ग्लॉसीवर तो एकाच दिशेने जातो. पान जरा कलतं केलं की चमक डोळ्यांसमोरून हटते आणि काळा खोल दिसतो. मॅटवर तोच प्रकाश चहूकडे विखुरतो. पान कसंही धरा, थोडा डोळ्यांत येतोच आणि काळ्यावर धुकं चढवतो. रात्रीचे, गडद, भडक रंगांचे फोटो ग्लॉसीवर खुलतात ते यामुळे.

तरी फोटोंसोबत मजकूरही वाचायचा असेल, तर मी मॅट किंवा दोन्हींच्या मधला सिल्क घेईन. दिव्याची तिरीप चुकवत पान सारखं हलवत वाचणं मला तरी जमत नाही.

कागद फार पांढरा दिसला तर मात्र सावध. त्यात बहुतेकदा अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश सोडणारी रसायनं असतात. उन्हात चेहरे किंचित निळसर दिसतात, पिवळ्या दिव्याखाली तसे दिसत नाहीत. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, त्याच कागदावर मागा आणि जिथे फोटो पाहिला जाणार, तशाच उजेडात तपासा.

मॅटची एक खोड प्रूफमध्ये कळत नाही. त्याचा खडबडीत लेप समोरच्या पानावरची शाई घासून काढतो. पूर्ण काळं पान आणि समोर कोरं पान असेल, तर वार्निशचा पारदर्शक थर चढवून घ्या. नाहीतर थोड्याच दिवसांत त्या कोऱ्या पानावर करडे डाग दिसू लागतील.