तसबीर मढवणे (कोकण)

घराच्या भिंतीवर लावायचे मोठे चित्र किंवा छायाचित्र मापानुसार चौकट, काच आणि पाठ घालून बंदिस्त करून घेणे. बोलताना याला सरसकट ‘फोटो मढवणे’ किंवा ‘फ्रेम करून घेणे’ म्हणतात, मग आत जलरंगातला समुद्र का असेना.

कोकणातल्या जुन्या घरांत मोठ्या तसबिरी ओटीवर आणि माजघरात असत. पूर्वजांचे मोठे करून हाताने रंगवलेले फोटो आणि देवादिकांचे ओलिओग्राफ, म्हणजे शिळाछापाची रंगीत चित्रे. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला आणि अशी चित्रे घरोघर पोचली. लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांवर हौसेने जर आणि टिकल्या चिकटवत. त्यांना काच टेकू नये म्हणून चौकट खोल करावी लागे. तसबीर भिंतीच्या माथ्याशी, पुढे झुकवून टांगलेली असे. जमिनीवर बसलेल्या माणसाला ती नीट दिसे आणि काचेवर दाराचा उजेड चमकत नसे. मागे राहिलेल्या पोकळीत वारा खेळे. चिमण्याही तिथे हक्काने घरटे करत. आता चित्र भिंतीला सपाट लावतात. दिसते छान, पण ओल कोंडते.

ओल हाच इथल्या कामाचा खरा प्रश्न. रत्नागिरीला वर्षाकाठी ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. कागद दमट हवेत फुगतो. चारही कडांनी चिकटवून टाकलेला असेल तर त्याला पसरायला जागा उरत नाही आणि त्यावर लाटा उठतात. म्हणून जाणता कारागीर चित्र फक्त वरच्या कडेला, कागदाच्या दोन पट्ट्यांवर, पिठाच्या खळीने धरतो. बाकीचे मोकळे लोंबते. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड बोर्ड, हवाच. तो वाचवला तर ओलीने फोटो काचेला चिकटतो आणि सोडवायला जावे तर चेहरा काचेवरच राहतो. माउंट आम्लरहित बोर्डाचा घ्यावा. साध्या पुठ्ठ्याने चित्राची कड काही वर्षांत पिवळी पडते. पाठीचे सांधे कागदी टेपने बंद करून खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे तुकडे लावतात. जुन्या स्लिपरचे तुकडेही चालतात. भिंत आणि पाठ यांत बोटभर फट राहिली म्हणजे झाले. गिऱ्हाईक चौकटीच्या पट्टीचा रंग निवडण्यात तासभर घालवते आणि पाठीकडे बघतही नाही.

सागवानाची पट्टी अजूनही सर्वांत भरवशाची. हलक्या लाकडाला वाळवी आणि भुंगा लागतो. सिंथेटिक पट्टीला कीड लागत नाही, पण लांब मापात ती वजनाने मधे झुकते, म्हणून आतून लाकडी चौकट द्यावी लागते. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी खिळे आणि तार गंजतात. पितळ किंवा स्टेनलेस स्टील वापरावे.

मापाचा हिशेब अनेकांना चकवतो. ४ × ३ फुटांच्या चित्राचा परीघ १४ फूट, पण चारही कोपऱ्यांना पट्टी ४५ अंशांत कापावी लागत असल्याने पट्टीच्या रुंदीच्या आठपट जादा माल लागतो. २ इंची पट्टी असेल तर सव्वापंधरा फुटांच्या वर. बिलावरून होणारी निम्मी वादावादी इथेच होते. चौकट जोडल्यावर कारागीर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणतो: आतल्या मापाला दोन्ही कर्ण बरोबर ५ फूट भरले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. याच मापाची ४ मिमी काच सुमारे ११ किलो भरते; तेवढ्याच जाडीचे ॲक्रिलिक निम्म्याहून कमी, मात्र त्याला ओरखडे लवकर पडतात आणि धूळ चिकटून बसते.

कॅन्व्हासला काच घालत नाहीत. तो लाकडी चौकटीवर ताणतात आणि सैल पडला की कोपऱ्यांतल्या पाचरी हलकेच ठोकतात. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी हल्ली दिवाणखान्यात मढवून लावतात. खरे तर ती कथा सांगताना एकेक पान पुढे धरण्याची चित्रे. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

जांभ्या दगडाची भिंत सच्छिद्र असते. ड्रिलने पाडलेले भोक भुसभुशीत होऊन प्लग फिरत राहतो; जुन्या घरांत बांधतानाच भिंतीत लाकडी गुट्ट्या बसवत, त्या सापडल्या तर खिळा त्यांतच मारावा. जड चित्राला एक नव्हे, दोन आधार द्यावेत. नैर्ऋत्येकडची भिंत पावसाची झड खाते, तिच्यावर मोठे चित्र लावूच नये. गणपतीआधी रंगरंगोटीसाठी सगळ्या तसबिरी उतरतात तेव्हा पाठीवर हात फिरवावा: हार्डबोर्ड गार आणि मऊ लागला तर बुरशी आत पोचायच्या बेतात आहे. याच दिवसांत फ्रेमवाल्यांकडे गर्दी असते, त्यामुळे नवे काम श्रावण लागण्यापूर्वी टाकलेले बरे.