गुरू, शनी आणि क्ष

नासाच्या व्हॉयेजर या अंतराळ मोहिमेच्या कागदपत्रांत दोन यानांच्या मार्गांना दोन छोटी नावं होती. एकाचं नाव जेएसटी. ज्युपिटर, सॅटर्न, टायटन, म्हणजे गुरू, शनी आणि शनीचा सर्वांत मोठा चंद्र. दुसऱ्याचं नाव जेएसएक्स. गुरू, शनी आणि एक्स. बीजगणिताच्या तासाला आपण ज्याला क्ष म्हणायचो, तोच हा एक्स. १९७७ साली यान उडालं तेव्हा त्याचा तिसरा मुक्काम कोणता हे ठरलेलंच नव्हतं, आणि ते ठरलेलं नाही ही गोष्ट मार्गाच्या नावातच लिहून ठेवलेली होती.

मला हे एक अक्षर फार मोलाचं वाटतं. मोठं काम हाती घेताना पुढचे टप्पे धूसर असले की आपल्या हातून सहसा दोनपैकी एक चूक होते. एक तर ‘पुढचं पुढे बघू’ म्हणून आपण मोकळे होतो, नाहीतर ज्याची काहीच माहिती नाही त्याचंही तारीखवार वेळापत्रक करून भिंतीवर लावतो. व्हॉयेजरच्या मंडळींना दोन्ही परवडणारं नव्हतं, कारण एकदा उडालेलं यान दुरुस्तीला परत आणता येत नाही.

तिसरा मुक्काम अनिश्चित राहण्याची ही अडचण मुळात पैशाची होती. १९६५मध्ये अमेरिकेतल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या गॅरी फ्लॅन्ड्रो या तरुणाच्या लक्षात आलं की १९७०च्या दशकाच्या अखेरीस गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून सूर्याच्या एकाच अंगाला अशा बेतानं येताहेत, की एका यानाला चौघांनाही भेटता येईल. गुरूच्या जवळून गेलेलं यान गुरूच्या सूर्याभोवतीच्या वेगातला अगदी किंचित वाटा घेऊन जास्त वेगानं बाहेर पडतं आणि वळतंही. तोच रेटा पुढे शनीकडून, युरेनसकडून घ्यायचा. अशा मदतीशिवाय नेपच्यूनला पोचायला सुमारे ३० वर्षं लागली असती, या वाटेनं १२ वर्षं पुरणार होती. हा योग साधारण १७५ वर्षांनी एकदा येतो. याआधी तो आला तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती.

नासानं आधी ‘ग्रँड टूर’ नावाची भव्य मोहीम आखली. ती फार महाग म्हणून बारगळली आणि १९७२मध्ये मंजुरी मिळाली ती फक्त गुरू आणि शनी या दोन ग्रहांना, पाच वर्षं टिकतील अशा यानांना. म्हणजे ग्रह नेपच्यूनपर्यंत रांगेत उभे, आणि तिजोरी शनीपर्यंतच उघडी.

इथून पुढे मोहिमेची आखणी करणाऱ्या चार्ल्स कोलहेस यांच्या चमूनं जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. त्यांनी सुमारे १०,००० मार्ग तपासले आणि दोन निवडले. पहिल्या यानाकडे टायटनचं काम दिलं. टायटनला दाट वातावरण आहे हे माहीत होतं, त्यामुळे शास्त्रज्ञांच्या यादीत त्याचा नंबर फार वरचा होता. पण टायटनच्या अगदी जवळून जायचं तर शनीपाशी यान असं वळतं, की ते ग्रहांच्या पातळीतून वर फेकलं जातं आणि पुन्हा कुठल्याही ग्रहाला भेटू शकत नाही. हा मार्ग निवडणं म्हणजे बाकीच्या वाटा कायमच्या बंद करणं. त्यात प्लूटोला जाण्याची शक्यताही होती, तीही सोडावी लागली.

दुसरं यान शनीपाशी नऊ महिन्यांच्या अंतरानं मागून येणार होतं. पहिलं यान टायटनपाशी फसलं, तर दुसऱ्यानं आपली वाट बदलून टायटनकडे जायचं. मग क्ष म्हणजे टायटन. पहिलं यशस्वी झालं, तर दुसऱ्यानं शनीजवळून नेमक्या बिंदूतून जात युरेनसची वाट धरायची. मग क्ष म्हणजे युरेनस आणि जमलं तर पुढे नेपच्यून. क्षची किंमत कोणालाच ठाऊक नव्हती. पण ती कोणत्या दिवशी, कोणत्या घटनेवरून आणि कोणत्या दोन पर्यायांतून कळणार, हे उड्डाणाआधीच ठरलं होतं. काय करायचं ते नंतर ठरवणार असू, तर कधी ठरवायचं ते मात्र आधी ठरवावं लागतं. ‘पुढचं पुढे बघू’ म्हणणाऱ्याकडे नेमकं हेच नसतं.

१२ नोव्हेंबर १९८० रोजी व्हॉयेजर-१ टायटनपासून सुमारे ६,५०० किलोमीटरवरून गेलं. कॅमेऱ्यात दिसलं ते नुसतं नारिंगी धुकं, जमीन कुठेच नाही. प्लूटो घालवून हे मिळवलं का, अशी हळहळ तेव्हापासून आजवर अधूनमधून ऐकू येते. मला ती पटत नाही. निर्णय झाला त्या दिवशी हातात जी माहिती होती, तिच्याशी तो प्रामाणिक होता. शिवाय इतर उपकरणांनी सांगितलं की तिथलं वातावरण मुख्यतः नायट्रोजनचं आहे आणि जमिनीवरचा दाब पृथ्वीच्या दीडपट आहे. २००५मध्ये ह्युजेन्स यान टायटनवर उतरलं ते याच माहितीच्या आधारावर. आणि त्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या यानाची वाट मोकळी झाली.

अनिश्चित टप्प्यासाठी आणखी एक करता येतं, ते म्हणजे आधी कोणाला तरी पुढे पाठवणं. पायोनियर-१० डिसेंबर १९७३मध्ये गुरूजवळून गेलं आणि तिथला किरणोत्सार अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाला. व्हॉयेजर तेव्हा बांधलं जात होतं, म्हणून त्याची इलेक्ट्रॉनिक्स वेळेत भक्कम करता आली. पायोनियर-११च्या बाबतीत तर थेट त्यागाचा प्रश्न आला. ते शनीच्या कड्यांच्या आतल्या बाजूनं न्यावं अशी त्याच्या शास्त्रज्ञांची इच्छा होती. नासानं बाहेरची वाट ठरवली, कारण व्हॉयेजर-२ला युरेनससाठी कड्यांची पातळी जिथून ओलांडावी लागणार होती, तिथे धूळ-दगड किती आहेत ते आधी कळायला हवं होतं. १ सप्टेंबर १९७९ रोजी पायोनियर-११ तिथून सुखरूप पार झालं. एका मोहिमेनं दुसऱ्या मोहिमेसाठी आपला मोह आवरला, याचं श्रेय पायोनियरच्या लोकांना क्वचितच मिळतं.

दोन्ही व्हॉयेजरही एकमेकांचे असेच वाटाडे होते. मार्च १९७९मध्ये पहिल्या यानाच्या एका छायाचित्रात गुरूच्या आयो या चंद्राच्या कडेला छत्रीसारखा उंच फवारा दिसला. पृथ्वीबाहेर सापडलेला तो पहिला जिवंत ज्वालामुखी. चार महिन्यांनी पोचणाऱ्या व्हॉयेजर-२चं वेळापत्रक बदलून त्याला तासन्‌तास आयोवर नजर ठेवायला लावलं. जवळचा टप्पासुद्धा आखताना शेवटच्या काही महिन्यांपर्यंत हात मोकळा ठेवला होता, म्हणून हे जमलं.

आता यानाच्या आतलं बघू. गावाकडे स्लॅबचं घर बांधताना कॉलमच्या सळया वर सोडून ठेवतात. पुढे कधी मजला चढवायचा झाला तर उपयोगी पडाव्यात म्हणून. पण जाणता गवंडी सांगतो की नुसत्या सळया सोडून भागत नाही, पायाही दोन मजल्यांचा खणावा लागतो. त्याचा खर्च आजच होतो आणि दुसरा मजला कधी झालाच नाही तर तो वाया जातो. व्हॉयेजरमध्ये असा खोल खणलेला पाया तीन ठिकाणी दिसतो. वीज सूर्याची नव्हती, प्लुटोनियमच्या उष्णतेपासून होती, त्यामुळे दूर गेल्यावर ती एकदम तुटणार नव्हती. संगणकांवरचे प्रोग्राम पृथ्वीवरून पुन्हा लिहिता येत होते. सगळे संगणक मिळून स्मृती जेमतेम ७० किलोबाइट, पण पाटी पुसून नवं लिहिता येण्याची सोय होती. तिसरी गोष्ट सर्वांत धाडसाची वाटते. त्यांनी यानावर संदेश सांकेतिक करणारं असं एक यंत्र बसवलं, ज्याचे संदेश उलगडणारी यंत्रणा उड्डाणाच्या दिवशी पृथ्वीवर तयारच नव्हती.

हे यंत्र रीड-सॉलोमन पद्धतीचं. दुरून येणाऱ्या क्षीण संदेशात चुका शिरतात, म्हणून त्याच्यासोबत पडताळणीचे जास्तीचे अंक पाठवावे लागतात. जुन्या पद्धतीत माहितीच्या प्रत्येक अंकामागे एक जास्तीचा अंक जायचा, म्हणजे निम्मी वेळ पडताळणीतच खर्च. नव्या पद्धतीत हे ओझं साधारण पाचवा हिस्सा उरतं. गुरू आणि शनीसाठी याची तितकी गरज नव्हती. पण अंतर दुप्पट झालं की संदेश चौपट क्षीण होतो, आणि शनीपेक्षा युरेनस दुप्पट लांब आहे. तिथे या यंत्राशिवाय फार थोडी चित्रं हाती लागली असती. पृथ्वीवरची बाजू पुढच्या आठ वर्षांत तयार झाली. जे परत आणून बसवता येणार नाही ते आज बसवायचं, आणि जे जमिनीवर आहे ते सवडीनं करायचं, अशी ही वाटणी होती.

तेवढ्यानंही पुरलं नसतं. म्हणून चित्रांची माहिती आकसून पाठवण्याचा प्रोग्राम यान वाटेत असतानाच लिहून वर पाठवला. एका चित्रात ८०० गुणिले ८०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण उजेड सांगण्याऐवजी शेजारच्या ठिपक्यापेक्षा तो किती कमी-जास्त आहे तेवढंच सांगायचं. वाण्याच्या वहीत दर वेळी सगळा हिशेब न उतरवता आजची देवघेव तेवढी लिहावी, तसं. माहितीचा आकार सुमारे ६० टक्क्यांनी घटला. यासाठी माहिती हाताळणारा दुसरा संगणक कामाला जुंपला. तो मुळात राखीव होता. राखीव वस्तू वापरून टाकणं जोखमीचं खरं, पण इतक्या दूर गेल्यावर चित्रंच मिळाली नाहीत तर ती राखून तरी काय करायचं होतं?

जमिनीवरही काम चालू होतं. नेपच्यूनसाठी ६४ मीटर व्यासाच्या मोठ्या अँटेना वाढवून ७० मीटरच्या केल्या, ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीची आणि न्यू मेक्सिकोतल्या २७ दुर्बिणींच्या संचाची मदत घेतली. यान तेच होतं, पण १९८९मध्ये ऐकणारा कान १९७७पेक्षा कितीतरी तीक्ष्ण झाला होता.

सगळं बेतानुसार झालं असं मात्र अजिबात नाही. एप्रिल १९७८मध्ये, गुरूही अजून लांब असताना, गडबडीत आठवडाभर व्हॉयेजर-२ला एकही आदेश पाठवायचा राहून गेला. यानानं नियमानुसार समज करून घेतला की आपला मुख्य रिसीव्हर बिघडला, आणि राखीव रिसीव्हर सुरू केला. त्यात एक भाग निकामी निघाला. येणाऱ्या संदेशाची बदलती वारंवारता त्याला आपणहून पकडता येईना. परत मुख्य रिसीव्हरवर आल्यावर तो थोड्याच वेळात कायमचा बंद पडला. उरला तो अधू रिसीव्हर. तेव्हापासून पृथ्वीचं फिरणं, यानाचा वेग आणि रिसीव्हरचं तापमान यांचा हिशेब करून, नेमक्या त्या क्षणी त्याला जी वारंवारता ऐकू येईल तीच पृथ्वीवरून पाठवावी लागते. शिवाय हाही रिसीव्हर गेलाच, तर पुढच्या ग्रहापाशी काय करायचं याचा एक किमान कार्यक्रम यानाच्या स्मृतीत भरून ठेवला. पृथ्वीचा आवाज आला नाही तरी यान आपलं आपण चित्रं घेऊन पाठवेल.

ऑगस्ट १९८१मध्ये शनी ओलांडताच कॅमेरे फिरवणारा चौथरा अडकला. आधी वाटलं कड्यांतल्या कणांचा मार बसला. तपासाअंती कळलं की जलद हालचालींमुळे दातेरी चाकांचं वंगण सरलं होतं. तसंच यंत्र पृथ्वीवर पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं आणि उमगलं, की सावकाश फिरवलं तर ते चालतं. युरेनसला जायला साडेचार वर्षं होती, म्हणून हे शिकायला सवड मिळाली.

पुढची वाट उघडी ठेवण्याची किंमत युरेनसपाशीही मोजली. हा ग्रह कलंडलेला आहे, त्यामुळे त्याचे चंद्र आपल्या बाजूनं नेमबाजीच्या फळ्यावरच्या वर्तुळांसारखे दिसतात. नेपच्यूनकडे वळायचं तर यानानं युरेनसच्या जवळच्या ठरावीक बिंदूतून जाणं भाग होतं, आणि त्या वाटेवर नीट दिसणार होता तो मिरांडा हा लहानसा चंद्र. मोठे चंद्र दुरूनच पाहावे लागणार होते. २४ जानेवारी १९८६ रोजी मिरांडाची चित्रं आली. उंच कडे, खोल दऱ्या, एकमेकांत बसवल्यासारखे खडबडीत तुकडे. सूर्यमालेतल्या सर्वांत चमत्कारिक भूभागांपैकी एक. त्याला कोणी मुद्दाम निवडलेलं नव्हतं.

नेपच्यूनपाशी मात्र पहिल्यांदाच पुढची काळजी नव्हती, कारण पुढे वाटेवर गाठता येईल असा ग्रहच नव्हता. म्हणून तिथे अभियंत्यांनी यान ग्रहाच्या उत्तर ध्रुवावरून, ढगांपासून जेमतेम ५,००० किलोमीटरवरून नेलं आणि ट्रायटन या चंद्राकडे वळवलं. २५ ऑगस्ट १९८९. उणे २३५ अंश सेल्सिअसच्या त्या जगात काळपट फवारे उडताना दिसले.

आता हिशेब उलटा झाला आहे. प्लुटोनियम झिजतंय, दर वर्षी सुमारे ४ वॅट वीज कमी होते, आणि पुढे काय होणार याबद्दल शंका उरलेली नाही. प्रश्न इतकाच की आधी कोणतं उपकरण बंद करायचं. सप्टेंबर २०२४मध्ये व्हॉयेजर-२चं प्लाझ्मा मोजणारं उपकरण बंद केलं. त्याची दिशा अशी होती, की यान दर तीन महिन्यांनी स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेई तेवढ्यापुरतंच त्याला काही उपयोगाचं मोजता येत होतं. बंद करण्याचा आदेश गेला तो १९७८पासून अधू असलेल्या त्याच रिसीव्हरवर, वारंवारतेचा तोच हिशेब करून.