अश्वशक्ती

यंत्र किती वेगाने काम करते, हे मोजण्याचे एकक. इंग्रजी ‘हॉर्सपॉवर’वरून मराठीत ‘अश्वशक्ती’ हा शब्द आला, पण बोलण्यात एचपीच चालते. ‘विहिरीवर पाचची मोटर आहे’ एवढे म्हटले तरी शेतकऱ्याला सगळे कळते.

यंत्राची घोड्याशी तुलना इंग्रज संशोधक थॉमस सेव्हरीने १७०२ मध्येच केली होती. तिला ठरावीक आकडा दिला तो जेम्स वॉटने. खाणीतले पाणी उपसणाऱ्या त्याच्या वाफेच्या इंजिनाचे मोल ठरवणे सोपे होते. जुन्या न्यूकोमेन इंजिनापेक्षा जितका कोळसा वाचेल, त्याच्या एक तृतीयांश किंमत वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन घेत. पण चाक फिरवणारे इंजिन आले आणि गिऱ्हाईक बदलले. गिरण्या आणि बिअरच्या भट्ट्या घोड्यांवर चालत. तिथे जुने इंजिनच नव्हते, मग बचत मोजणार कशाशी? मालकाचा प्रश्न एवढाच असे: हे यंत्र माझ्या किती घोड्यांचे काम करील?

वॉटने १७८०च्या दशकात हिशेब मांडला. चक्कीला जुंपलेला घोडा १२ फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि ओढ १८० पौंडांची असते, असे त्याने धरले. गुणाकार मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड येतो (एक पौंड वजन एक फूट उचलण्याचे काम म्हणजे एक फूट-पौंड). तोच ३३,००० असा पूर्ण केला गेला. दिवसभर राबणाऱ्या साध्या घोड्याला हा वेग झेपत नाही. थोडा वेळ जोर लावायचा तर मात्र तो याच्या कितीतरी पट शक्ती देतो. त्यामुळे एक अश्वशक्ती म्हणजे एका घोड्याची ताकद, हा अर्थ अक्षरशः घेऊ नये.

आज ही अश्वशक्ती सुमारे ७४६ वॅट धरतात. युरोपातील मेट्रिक अश्वशक्ती थोडी लहान, ७३५.५ वॅटची. वॅट हे एककही जेम्स वॉटच्याच नावाचे.

मोटरच्या पाटीवर ‘५ एचपी, ३.७ किलोवॅट’ असे शेजारी शेजारी लिहिलेले असते, ते याच हिशेबाने. तूट सोडली, तर एक एचपी दर सेकंदाला सुमारे ७६ लिटर पाणी एक मीटर वर चढवते. पाणी ३० मीटर खोल असेल तर जेमतेम अडीच लिटर. प्रत्यक्षात पंपातली आणि पाइपातली तूट धरावीच लागते. म्हणून मोटर घेताना नुसता एचपी विचारून भागत नाही, पाणी किती उंच चढवायचे तेही सांगावे लागते. महाराष्ट्रात मीटर नसलेल्या कृषिपंपांचे वीजबिलही एचपीवरच आकारले जाते.