डबी कोणाच्या हातात द्यायची?

संत्र्याच्या सीझनमध्ये नागपूरच्या कळमना मार्केटला गेलं की कोणी ना कोणी हमाल खोकताना दिसतोच, विचारलं तर "धूळ हाय ना भाऊ" एवढंच. धूळ असतेच म्हणा. पण दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर टीबीची टेस्ट करायची हे माहीत असलं तरी रोजी बुडवून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात लायनीत कोण उभं राहणार?

2019 ते 2021 मध्ये देशभर टीबीचा सर्व्हे झाला, त्यात लक्षणं असलेल्यांपैकी 64 टक्के लोक कुठेच दाखवायला गेले नव्हते. आणि जे पेशंट सापडले त्यातले जवळपास 43 टक्के फक्त छातीच्या एक्स-रेमुळे कळले, नुसती लक्षणं विचारली असती तर ते सुटले असते. म्हणजे बेडक्यातला टीबी ओळखणारी सीबीनॅट मशीन दोन तासात रिझल्ट देते ते ठीक, पण बेडका तिच्यापर्यंत आणणार कोण?

नेमक्या याच कामाला पैसे द्यायचे म्हणून 2010 मध्ये 'टीबी रीच' नावाचा आंतरराष्ट्रीय निधी सुरू झाला, सुरुवातीचा पैसा कॅनडा सरकारचा. तुमच्या गावात काय चालेल ते तुम्हीच सांगा, करून दाखवा, असा तो प्रकार. कराचीत त्यांनी खाजगी दवाखान्यांच्या वेटिंगमध्ये वस्तीतलीच माणसं बसवली, हातात मोबाईल, त्यात खोकल्याचे चार प्रश्न, आणि पेशंट सापडला की पैसे. वर्षभरात त्या भागात नोंदलेले पेशंट दुप्पट झाले. तिथे शेजारच्या भागाशी तुलनाही केली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं, नाहीतर पेशंट एका दवाखान्यातून दुसऱ्यात गेले तरी आकडा वाढल्यासारखा दिसतो.

याहून स्वस्त गोष्ट रावळपिंडीची, 2007 मध्ये छापून आलेली. बायका डबीत बेडक्याऐवजी लाळच देतात, चारचौघांत खाकरायची लाज वाटते. त्यांना फक्त दोन मिनिटं नीट समजावलं, खोल श्वास घे, छातीतून खोक, तर टेस्ट पॉझिटिव्ह यायचं प्रमाण 8 वरून 13 टक्क्यांवर गेलं. नवीन मशीन नाही, औषध नाही, काही नाही!

कळमन्यासाठी मला कोणी पैसे दिले तर? हातात धरायचा एक्स-रे घेऊन मार्केटातच बसायचं हे तर आहेच. पण बेडका सकाळी उठल्याउठल्याचा चांगला, आणि हमाल तेव्हा गाडी खाली करत असतो. त्यामुळे डबी आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवरच द्यावी लागेल, आणि सकाळी गोळा करायलाही टपरीवालाच बरा, त्याला डबीमागे काही रुपये द्यायचे बस.