अंकपाशापासून कापरेकर स्थिरांकापर्यंत

दिलेल्या अंकांची जागा बदलून नव्या संख्या काढण्याचा नाद आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ‘अंकपाश’ नावाचे प्रकरणच असून ३, ९ आणि ८ यांच्यापासून किती संख्या होतात व त्यांची बेरीज किती, असा प्रश्न तेथे घातला आहे, उत्तर ६ संख्या आणि बेरीज ४४४०. मांडणी बदलायची, वजाबाकी करायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करीत राहायची, ही पुढची युक्ती मात्र १९०५ साली कोकणकिनाऱ्यावरील डहाणू येथे जन्मलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची.

देवळालीत शाळामास्तर असलेल्या कापरेकरांना १९४९ मध्ये ६१७४ ही संख्या, म्हणजेच कापरेकर स्थिरांक, गवसली. (डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून एका संख्यागटाला ‘डेम्लो’ म्हणणारेही तेच.) सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, की अधिकाधिक सात फेऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच राहते. तीन अंकांसाठी हा मान ४९५चा आहे. १९७५ मध्ये गणिती कोड्यांवर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर हा शोध जगभर पोचला.

यात दहाची काही जादू आहे, असे समजण्याचे कारण नाही. तीन अंकी वजाबाकीत मधला अंक उडून जातो आणि उरते ती सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांच्या फरकाची ९९ पट. ४९५ म्हणजे ९९ × ५. पाया, म्हणजे जितक्यांचे गट करून संख्या लिहायची तो आकडा, दहाऐवजी बारा धरला, तर ९९च्या जागी १४३ येतात. हापूस डझनावर मोजणाऱ्या कोकणात हा हिशेब परका वाटू नये. बारा डझनांचा एक ग्रोस धरून ५ ग्रोस, ११ डझन आणि ६ आंबे, म्हणजे ८५८, घेऊ. हेच तीन अंक उतरत्या क्रमाने मांडल्यास १६६१ आंबे होतात, चढत्या क्रमाने ८०३, आणि वजाबाकी पुन्हा ८५८.

पाया सम असला की तीन अंकी संख्यांना असा एकच मुक्काम मिळतो. तो विषम असला, तर क्रमिका दोन संख्यांमध्ये हेलकावत राहते. नवमान पद्धतीत त्या, आपल्या दशमान आकड्यांत सांगायच्या तर, ३२० आणि ४०० आहेत. चार अंकांचे गणित बरेच अवघड असून त्याचा पूर्ण छडा हेल्मुट हासे आणि प्रिचेट या गणितज्ञांनी १९७८ मध्ये लावला. पाया पाचाच्या पटीत असला की ही क्रिया करूनही न बदलणारा ६१७४चा भाऊबंद सापडतोच. पंचमान पद्धतीत तो ३०३२ असा लिहिला जातो. डझनाच्या हिशेबाला मात्र चार अंकांत असा मुक्काम नाही.